कितीला सोडताय? वाहाकाच्या बाजारांतले सात दिवस

बुधवार, एत्ला

वाहाका हे दक्षिण मेक्सिकोतलं शहर तीन खोऱ्यांच्या सांध्यावर, साधारण 1,550 मीटर उंचीवर वसलंय. या खोऱ्यांतल्या गावांनी आठवड्याचे वार आपसांत वाटून घेतलेत. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान, शनिवारी खुद्द वाहाका शहर आणि रविवारी त्लाकोलुला. पुण्यात बुधवार, शुक्रवार, रविवार या पेठा नुसत्या नावाला उरल्या. इथे वाराला अजून बाजार भरतो. या उघड्यावरच्या बाजाराला मेक्सिकोत तियांगिस म्हणतात. शब्द स्पॅनिश नाही, नाहुआत्ल भाषेतला आहे. स्पॅनिश येण्याआधी बाजार पाच-पाच दिवसांनी भरत. त्यांनी सात दिवसांचा आठवडा आणला आणि बाजारांनी आपले वार नव्याने लावून घेतले.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगत होते, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “मग मीपण येते.” मावशीने सोलापुरात 32 वर्षं चादरी आणि टॉवेलचं दुकान चालवलं. गेल्या वर्षी शटर कायमचं ओढलं. घासाघीस काय असते हे तिने गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहिलंय. मी पुण्यात चार वर्षं स्पॅनिश शिकले. म्हणजे भाषा माझी, व्यवहार तिचा, असं ठरवून आम्ही निघालो.

एत्लाचं नाव केसियोसाठी. हे ताज्या चीजचं लांबच लांब पट्ट्यांचं गुंडाळलेलं रूप. लोकरीचा गुंडा असावा तसा दिसतो. विकणारी बाई हव्या तेवढ्या पट्ट्या उलगडून तोडते, तराजूत टाकते आणि पुन्हा गुंडाळून देते. मी ‘उन क्वार्तो’ मागितलं. क्वार्तो म्हणजे चौथा हिस्सा, आपला पाव किलो. तिने किंमत सांगितली. मी 60 पेसो दिले. तिचा हात तसाच पुढे राहिला. मला वाटलं, परदेशी बघून जास्त मागतेय. मी म्हटलं, तुम्ही सेसेंता म्हणालात. ती काही बोलली नाही. तळहातावर बोटाने सात काढला, त्याच्यापुढे शून्य. ती सेतेंता म्हणाली होती. सत्तर.

सेसेंता साठ, सेतेंता सत्तर. मधला एक ‘स’ की ‘त’, एवढाच फरक, आणि बाजाराच्या गलक्यात तो कानाला लागत नाही. दहा पेसो म्हणजे आपले पंचेचाळीस-पन्नास रुपये. पैशांचं काही नव्हतं. मी मनात तिच्यावर जो संशय घेतला, तो मला दिवसभर टोचत राहिला. परतीच्या गाडीत मावशीने मला आकडे म्हणायला लावले. खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पाटीवरचा नंबर. “आकडा ऐकू येत नाही तोवर भाव करायचा नाही,” म्हणाली.

संध्याकाळी घरमालकीणबाई अंगणात बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. त्यांना मी विचारलं, भाव कमी करायला काय म्हणायचं? माझ्या पुस्तकात ‘एस मुय कारो’ होतं, फार महाग आहे. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, वस्तूला नाव ठेवलं की ती करणाऱ्याला लागतं. तुम्ही असं विचारा: ‘एन क्वांतो मे लो देहा?’

शब्दाला शब्द ठेवला तर, कितीला मला सोडता? ‘देहार’ म्हणजे सोडणं, राहू देणं. मी मावशीला अर्थ सांगितला, तर तिचा चेहरा उजळला. “अगं, आमचा कापडाचा दलाल हेच म्हणायचा. बोला, कितीला सोडताय?”

गुरुवार, साचिला

साचिलाच्या बाजाराचा एक भाग गावाबाहेरच्या मैदानात भरतो आणि तिथे गुरं असतात. बैल, शेळ्या, डुकरं, पाय बांधलेल्या टर्की. या खोऱ्यात अजूनही बैलजोडीने नांगरट होते, त्यामुळे बैल बघणारे खरे शेतकरी होते. एका तांबूस बैलाभोवती चार जण उभे. कुणी दात पाहिले, कुणी पाठीवरून हात फिरवला, एकाने बैल चालवून दाखवायला सांगितला. मग सगळे गप्प. इतका वेळ गप्प की मला वाटलं सौदा फिसकटला. मावशीने माझा दंड धरून ठेवला. “थांब. आता जो आधी बोलेल त्याचं नुकसान.”

आपल्याकडच्या बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतो, आजूबाजूच्याला कळत नाही. इथे बोली उघड होती. पण गप्प बसण्याचं वजन तेच. शेवटी मालकच बोलला, आकडा थोडा खाली आला, आणि घेणाऱ्याने खिशात हात घातला.

आम्ही गूळ घेतला. इथे उसाच्या गुळाच्या लहान शंकूसारख्या ढेपा मिळतात, त्यांना पिलोनसियो म्हणतात. आणि गिऱ्हाइकाला वर जे फुकट टाकतात, त्याला म्हणतात पिलोन. पूर्वी दुकानदार खरेदीवर साखरेची एक छोटी ढेप वर देत, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. मी पहिल्यांदाच म्हणून बघितलं, “इ मी पिलोन?” माझा पिलोन? विकणाऱ्या आजोबांनी मान वर न करता एक फुटकी ढेप पिशवीत टाकली. भाजीवाल्याकडे “कोथिंबीर टाका की जरा” म्हटल्यावर तो जशी टाकतो, अगदी तशी. इतक्या लांब येऊन तो हात ओळखीचा निघाला.

शुक्रवार, ओकोत्लान

मावशीला बरं नव्हतं, पोट बिघडलं होतं. मी एकटी जाऊन आले. ओकोत्लान हे चित्रकार रोदोल्फो मोरालेस यांचं गाव. त्यांनी स्वतःच्या कमाईतून इथलं जुनं चर्च आणि मठ दुरुस्त करवून घेतला, आणि त्या भिंतींचे रंग पाहून कुणाचाही पाय थबकेल. बाजारात फिरले, पण काही घेतलं नाही. शेजारी मावशी नसताना भाव विचारायला तोंड उघडेना. लिंबं घेऊन परत आले.

शनिवार, वाहाका शहर

शहराचा सेंत्राल दे आबास्तोस हा रोजचा मोठा बाजार, पण शनिवारी गावोगावच्या बायका येऊन त्याच्या भोवती जमिनीवर कापडं पसरतात. मावशी बरी होती. सातच्या आत पोचलो.

इथे ‘क्वांतो क्वेस्ता’, केवढ्याला, असं कुणी म्हणत नाही. ‘आ कोमो’ म्हणतात. कसे दिले? आ कोमो एल मोंतोन? मोंतोन म्हणजे ढीग. चार टोमॅटो, त्यावर एक, असे सुबक ढीग लावून ठेवलेले, आणि भाव ढिगाचा. कोकणात भाजी आणि मासळी वाट्यावर विकतात तसंच. हिरवी पालेभाजी ‘मानोहो’वर, म्हणजे जुडीवर. मका आणि घेवडा मोजायला ‘आल्मुद’ नावाचं लाकडी चौकोनी माप. ते बघून मावशीला तिच्या आजोळची पायली आठवली. मापाच्या तोंडावरून हात फिरवून दाणे सपाट करायची आणि मग वर एक मूठ टाकायची रीत तिथेही होती, म्हणाली.

मिरचीच्या गल्लीत आम्ही दोन तास काढले. ही मिरचीची जन्मभूमी. आपल्या ठेच्यातली, कांदा-लसूण मसाल्यातली मिरची याच भागातून निघाली आणि पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. मका, भुईमूग, टोमॅटो, पेरू, सीताफळ, रताळं, सगळे अमेरिका खंडांतलेच. मी मावशीला हे सांगत होते, पण तिचं लक्ष मिरचीत होतं. तिने एक सुकी ‘पासिया’ उचलली, देठाजवळ मोडली, बी पाहिलं, वास घेतला. वाहाकाची ही मिरची धुरावर सुकवतात. काळपट लाल, सुरकुतलेली, आणि वास असा की चुलीशेजारी टांगलेलं काहीतरी कित्येक महिन्यांनी काढलंय. विकणारी बाई मावशीचे हात बघत होती. मिरची मोडून बघणारं गिऱ्हाईक तिने परदेशी माणसांत पाहिलं नसावं. तिने त्या ढिगातली मिरची मावशीच्या हातून काढून घेतली आणि मागच्या पोत्यातली दिली. दोघींमध्ये एक शब्द नाही.

मी विचारलं, एन क्वांतो मे लो देहा? पाव किलोमागे दहा पेसो उतरले. मी नोट पुढे केली. 50 पेसोची, जांभळट, तिच्यावर अक्सोलोत्ल नावाच्या जलचराचं चित्र असतं. बाईंनी ती नोट कपाळाला लावली, छातीला, एका खांद्याला, मग दुसऱ्या, आणि ओठांना. नोटेनेच क्रूस काढला. दिवसाची पहिली विक्री.

“भवानी झाली तिची,” मावशी म्हणाली आणि आपोआप दोन पावलं मागे सरकली. तिच्या दुकानातही पहिली नोट गल्ल्याला आणि मग कपाळाला लावून आत जायची. भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम होता. त्या गिऱ्हाइकाशी ती फार ताणायची नाही. आता मला कळलं, भाव इतक्या पटकन का उतरला.

रविवार, त्लाकोलुला

शहराच्या पूर्वेला तीसेक किलोमीटर. सामायिक टॅक्सीत पुढच्या सीटवर चालकाशेजारी दोघं बसतात, मागे तिघं. उतरल्यावर चौकात तीनचाकी रिक्षांची रांग. पुढच्या काचेखाली नाव वाचलं आणि मावशीला हाक मारली. बजाज. आकुर्डीच्या नावाची रिक्षा इथे मोतोताक्सी म्हणून, झालरी आणि क्रूस लावून फिरते. मावशीने तिच्या टपावर थाप मारली, जशी घरच्या गाईच्या पाठीवर मारावी.

त्लाकोलुलाचा बाजार चर्चपासून सुरू होऊन रस्ते भरून टाकतो. वर निळ्या-लाल ताडपत्र्या दोऱ्यांनी ताणलेल्या, खाली माणसांचा पूर. बायकांच्या अंगावर चौकड्याचे आणि त्यावर रंगीत दोऱ्याने भरतकाम केलेले एप्रन. ‘मांदिल’. खिसे मोठे, कडेला झालर. स्वयंपाकघरातली वस्तू म्हणून नाही, नऊवारीवरचा शेला मिरवावा तसा मिरवतात. मला ते पाहताक्षणी हवं झालं.

एका आजींच्या दुकानापाशी थांबलो. ‘पासेले, मार्चांता, के बा आ येबार?’ या, काय घेणार? मार्चांता हा शब्द मला फार आवडला. विकणारी घेणारीला मार्चांता म्हणते आणि घेणारी विकणारीलाही. दोघींना एकच नाव. आपल्याकडे तिला मावशी म्हणतात आणि ती आपल्याला ताई म्हणते. नातं तिथेही लावतात, पण हे समसमान आहे.

मी निळ्या चौकड्याचं एक उचललं. 280. कितीला सोडता? 250. मी मावशीकडे पाहिलं. ती शिवण पाहत होती. उलटं करून, मागची गाठ कशी मारलीय ते. “दोन घेतले तर विचार,” म्हणाली. दोघींना एक-एक. आजी म्हणाल्या 480. मी 440 म्हटलं. त्यांनी मान हलवली, ‘नो मे कोन्व्येने’. परवडत नाही. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. त्यांनी एप्रनचा खिसा आत हात घालून दाखवला, दोन पदरी कापड. मग एक बोट झालरीवरून फिरवलं. हे माझ्या सुनेने हाताने केलंय, मशीनने नाही.

मी मावशीला भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, “तिने माल दाखवायला सुरुवात केली ना? मग आता ती भाव सोडत नाहीये, कारण सांगतेय. ऐकून घ्यायचं.”

मध्येच आजींनी विचारलं, कुठल्या तुम्ही? आणि माझ्या तोंडून गेलं, ‘सोय इंदिया’. व्याकरण बरोबर होतं. मी भारतीय आहे. आजी क्षणभर थांबल्या. तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि म्हणाल्या, “इथली इंदिया मी आहे.”

शेजारची बाई हसली. आजी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, आम्हाला तसंच म्हणायचे. शाळेत, शहरात.

एका खलाशाने 1492 साली चुकीच्या किनाऱ्याला आमच्या देशाचं नाव दिलं, आणि त्या नावाचं ओझं या बाईच्या आजीपणजीने वाहिलं. ‘इंदियो’, बाईसाठी ‘इंदिया’, हा तिथल्या मूळ रहिवाशांसाठीचा शब्द मेक्सिकोत शिवी म्हणून वापरला जातो, हे मला वाचून माहीत होतं. माहीत असणं आणि तो शब्द समोरच्या म्हाताऱ्या बाईच्या छातीवर बघणं वेगळं. मी म्हटलं, दे ला इंदिया, देशाचं नाव, खूप लांब, समुद्रापलीकडे. ‘आह, हिंदू!’ शेजारीण म्हणाली. भारतातल्या कुणालाही इथे हिंदूच म्हणतात, धर्म कुठलाही असो. मी त्यावर काही बोलले नाही. आजींनी विचारलं, तुमची भाषा स्पॅनिश नाही ना? नाही, माझी मराठी. स्पॅनिश मी नंतर शिकले. “मीपण,” आजी म्हणाल्या. त्यांची भाषा झापोतेक, इथल्या मूळ रहिवाशांची. स्पॅनिश त्या बाजारात शिकल्या, लहानपणी, आईच्या टोपल्यांपाशी बसून. आकडे आधी.

तेव्हापासून त्या हळू बोलायला लागल्या. आमच्या दोघींची स्पॅनिश एकमेकींकडे सावकाश चालत आली. दोघींनाही ती नंतर मिळालेली. त्यांना मी विचारलं, झापोतेकमध्ये वाटेत भेटल्यावर काय म्हणता? ‘काली चिऊ?’ त्या म्हणाल्या. म्हणजे? कुठे निघालात? मी मावशीला सांगितलं आणि तिने टाळीच वाजवली. आमच्या गावातही नमस्कार-चमत्कार कोण करतं, समोरच्याला “काय, कुठं निघालात?” हेच विचारतात, आणि उत्तराची कुणी वाट बघत नाही.

शेवटी दोन मांदिल 460 ला ठरले. मी 500 ची नोट काढली. आजींकडे सुट्टे नव्हते. शेजारणीकडेही नव्हते. नोट तीन दुकानं फिरून आली. तिच्यावर बेनितो हुआरेस यांचं चित्र आहे. याच राज्यातल्या गेलातावचे, 1806 चा जन्म, झापोतेक घरातले. बाराव्या वर्षी ते डोंगरातून चालत वाहाका शहरात आले तेव्हा त्यांना स्पॅनिश जवळजवळ येत नव्हती. पुढे 1858 पासून 1872 मध्ये मरेपर्यंत ते देशाचे अध्यक्ष होते. आजींनी नोट उजेडात धरून, चित्रावर बोट ठेवून सांगितलं, “हा पण आमच्यातलाच.” मग कुठून तरी चाळीस पेसो आले.

दुपारी बाजाराच्या आतल्या भागात जेवलो. एका खाटकाकडून मटण-मांस घ्यायचं आणि तिथल्याच निखाऱ्याच्या शेगडीवर भाजायचं. शेजारी कांद्याच्या पाती आणि ‘चिले दे आग्वा’ नावाच्या हिरव्या मिरच्या. मावशी शाकाहारी, तिने तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ पोळी, मिरची, कांदा आणि केसियो खाल्लं आणि म्हणाली की भाकरी-ठेच्याला याहून जवळचं तिला कुठे मिळालेलं नाही. निघताना टर्कीवाल्या बायकांची ओळ दिसली. प्रत्येकीच्या हातात पाय बांधलेली एक-दोन. आजूबाजूच्या गावांत लग्नकार्याला टर्की देतात, आणि कुणी किती दिली ते वहीत लिहून ठेवतात, म्हणजे पुढे त्यांच्या घरी कार्य निघालं की तितकीच परत करता येते. याला गेलागेत्सा म्हणतात. आईच्या कपाटात अजून माझ्या लग्नातल्या आहेराची वही आहे.

सोमवार, तेओतित्लान

आज बाजार नाही. तेओतित्लान देल वाये हे विणकरांचं गाव, लोकरीच्या गालिच्यांचं. घराघरात माग. मावशीने आत पाऊल टाकताच खोल श्वास घेतला. मागावर ताणलेल्या सुताचा आणि लोकरीचा तो वास मला ओळखू येत नव्हता, तिला येत होता. हे पायमाग आणि मेंढ्या, दोन्ही स्पॅनिश लोकांबरोबर आले. त्याआधी इथे कापूस होता आणि कमरेला बांधायचा माग.

विणकर चाळिशीचा असेल. त्याने आम्हाला निवडुंगाचं एक पान दाखवलं. त्यावर पांढरी पूड पडल्यासारखे ठिपके. ते ठिपके म्हणजे किडे, ग्राना कोचिनिया. एक सुकलेला किडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. मिरीच्या दाण्यापेक्षा लहान, राखाडी. अंगठ्याने दाबला आणि तळहात गर्द लाल झाला, कुंकवाहून गडद. त्यावर त्याने लिंबू पिळलं. लाल रंग डोळ्यांदेखत केशरी झाला. मग चिमूटभर खायचा सोडा. केशरी गेला, जांभळा आला. माझा तळहात, एक किडा, तीन रंग. स्पॅनिश राजवटीत इथून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोल या किड्याचं होतं.

निळा रंग दाखवताना तो म्हणाला, ‘अन्यील’. मी दोनदा म्हणायला लावलं. अन्यील. अरबीतला अन्-नील, त्याच्या मागे फारसी, आणि सगळ्यांच्या मागे आपली नीळ. झाड इथलं वेगळं आहे, पण नाव संस्कृतातून निघून अरबी गलबतांतून स्पेनला आणि तिथून या गावात आलं. मी मावशीला म्हटलं, हा नीळच म्हणतोय. मावशीने त्याच्याकडे बोट करून हळूच म्हटलं, “नीळ.” त्याने म्हटलं, “नील.”

आम्हाला एक गालिचा फार आवडला. मित्लाच्या भग्न वाड्यांतल्या भिंतींवरची पायऱ्या-पायऱ्यांची नक्षी, लाल आणि नीळ. 6,200 पेसो. आमच्या आवाक्याबाहेर. आता माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी ‘एन क्वांतो’ म्हटलंही. मावशीने हाताने थांबवलं. “आधी विचार, किती दिवस लागले.”

लोकर धुणं, कातणं, रंगवणं सोडून नुसतं विणायला तीन आठवडे. मावशीने गालिचा उलटा केला. काठ बोटांत धरून दाबला, एका इंचात आडवे धागे मोजले, ओठ हलवत. मग गप्प राहिली. साचिलाच्या त्या बैलवाल्यासारखी. पण यात डाव नव्हता. ती हिशेब करत होती. तिच्या दुकानात दर दिवाळीला लोक हातमागाची चादर यंत्रमागाच्या भावात मागायचे, आणि तीन-चारदा तिला तशी द्यावी लागली होती, माल पडून राहू नये म्हणून. त्या विणकरांची नावं तिला अजून पाठ आहेत. मला तिने कधी सांगितलं नव्हतं.

“याचा भाव नको पाडू,” ती म्हणाली. “लहान घेऊ.”

बाजारातल्या मांदिलवर चाळीस पेसो ओढायचे आणि इथे तोंड मिटायचं, यात मला तरी विसंगती वाटत नाही. तिथे सांगितलेल्या भावात बोलण्यासाठी जागा ठेवलेली असते, दोघींना ठाऊक असते. इथे त्या माणसाने आकडा सांगितला तेव्हा त्यात जागा नव्हती. ते ऐकू यायला सेसेंता-सेतेंतापेक्षा जास्त वेळ लागतो.

आम्ही दीड हाताचा एक तुकडा घेतला, 1,400 पेसो, सांगितले तेवढेच दिले. विणकराने विचारलं, भाव नाही करणार? मी म्हटलं, माझी मावशी कापड विकायची. त्याने मावशीकडे पाहिलं, आत गेला, आणि आपल्या आईला बोलावून आणलं. म्हातारीने मावशीचा हात हातात घेतला आणि तिला मागापाशी नेऊन बसवलं. अर्धा तास मावशी धोटा टाकत होती. मी बाहेर बसले होते. मला काही भाषांतर करावं लागलं नाही.

मंगळवार, परत

सकाळी साडेसहाची वेळ, बस आठची. घराच्या कोपऱ्यावर एक बाई पातेलं घेऊन बसते. तामाल, मक्याच्या पिठाचे, केळीच्या पानात उकडलेले, काळ्या मोलेचे म्हणजे मिरची-मसाल्याच्या दाट रश्श्याचे माझ्यासाठी, मावशीसाठी मिरची आणि चीजचे. पान उलगडलं की पानगीसारखा वास येतो. चार घेतले, ‘सेतेंता इ दोस’. बहात्तर. मी बरोबर ऐकलं.

पाकिटात फक्त 500 ची नोट. बाईंनी हात वर केले, सुट्टे नाहीत, आत्ताच बसलेय. नंतर द्या. मी म्हटलं, आम्ही आज जातोय, परत नाही येणार. मावशीने कमरेची पिशवी उलटी केली. नाणी पायरीवर मांडून आम्ही तिघींनी मोजली. दहाची, पाचची, दोनची. एकोणसत्तर. पुन्हा मोजली. एकोणसत्तरच.

मी नोट घेऊन समोरच्या दुकानाकडे निघाले, सुट्टे आणायला. बाईंनी मागून हाक मारली.

“आसी देहेलो, मार्चांता.”

राहू द्या. सोडा. आठवडाभर मी जे क्रियापद पुढे करत होते, ते आज त्यांनी आपणहून काढलं होतं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाली? मी सांगेपर्यंत बाईंनी त्या नाण्यांतलं दहाचं उचललं होतं. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा. नाण्याला ओठ लावले आणि ते एप्रनच्या खिशात टाकलं.